कावसजी दादाभाई नायगमवाला : मृगातील तेजोमेघाचा पुणेकर वेधकर्ता

१

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात पुण्यात मृग नक्षत्राचा अभ्यास दोन अगदी भिन्न हेतूंनी झाला. १८९३ साली बाळ गंगाधर टिळक यांचा 'ओरायन' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. वसंतसंपात मृगशीर्षात होता त्या काळाच्या खुणा वैदिक वाङ्मयात आढळतात, आणि त्यांच्या आधारे त्या वाङ्मयाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे चार हजार वर्षांपर्यंत मागे नेता येतो, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याआधी दोन वर्षे, १८९१ साली, लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक वृत्तात पुण्याहून पाठविलेले एक लहानसे टिपण छापून आले होते. तेही मृगाविषयीच होते. परंतु मृगाच्या प्राचीनतेशी त्याचा काही संबंध नव्हता. मृगातील अंधुक तेजोमेघाच्या प्रकाशात दिसणारी एक हिरवी रेषा रेखीव आहे की एका बाजूस विरत जाणारी आहे, एवढाच त्याचा प्रश्न होता. टिपणाचे लेखक होते कॉलेज ऑफ सायन्समधील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला.

टिळकांच्या ग्रंथाचे पुढे भारतविद्येच्या क्षेत्रात काय झाले ते विद्वानांस विदित आहे. नायगमवालांचे नाव मात्र ज्योतिःशास्त्राच्या इतिहासाबाहेर फारसे ऐकू येत नाही. तारे, तेजोमेघ व धूमकेतू यांच्या प्रकाशावरून त्यांचे द्रव्य ओळखू पाहणारी पहिली आधुनिक वेधशाळा भारतात ज्यांनी उभारली, त्यांची ही उपेक्षा विचार करण्याजोगी आहे. तिची कारणे त्यांच्या चरित्रातच सापडतात.

२

नायगमवालांचा जन्म १८५७ साली एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. पदार्थविज्ञान व रसायन हे विषय घेऊन १८७८ साली ते एम्.ए. झाले आणि कुलपतींचे सुवर्णपदक त्यांनी मिळविले. पुढे १८८२ साली त्याच कॉलेजात प्रायोगिक पदार्थविज्ञान शिकविण्याच्या जागेवर त्यांची नेमणूक झाली.

त्याच वर्षी भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी कॉलेजास भेट दिली. वर्णपटाच्या अभ्यासासाठी एक प्रयोगशाळा काढावी म्हणून महाराजांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. संस्थानिकाचे दातृत्व आणि सरकारची जोडरक्कम ही त्या काळच्या कितीतरी संस्थांच्या जन्माची ठरलेली रीत होती. ग्रंथालये, टाऊन हॉल, वसतिगृहे अशीच उभी राहिली. या देणगीचे वेगळेपण इतकेच की तिच्यातून जे उभे राहिले त्याची कल्पना दात्याने किंवा सरकारने आरंभी केलेली नव्हती.

उपकरणांच्या खरेदीसाठी नायगमवाला १८८४ साली इंग्लंडला गेले. तेथील ज्योतिर्विदांशी, विशेषतः नॉर्मन लॉकियर यांच्याशी, विचारविनिमय झाल्यावर मूळ योजनेचे रूप पालटले. विद्यार्थ्यांना दिव्याच्या ज्योतीचे वर्णपट दाखविणाऱ्या प्रयोगशाळेऐवजी आकाशस्थ पदार्थांचे वर्णपट तपासणारी वेधशाळा काढावी असे ठरले. मुंबईपेक्षा पुण्याचे आकाश अशा कामास अनुकूल. १८८५ मध्ये नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले आणि १८८८ पासून 'महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा' काम करू लागली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात तयार झालेली वीस इंच व्यासाची आरशाची दुर्बीण हे तिचे मुख्य साधन होते. त्यानंतर कित्येक दशके तिच्याहून मोठी दुर्बीण भारतात नव्हती.

पुण्यात ज्योतिर्गणिताची परंपरा नव्हती असे नाही. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत सिद्ध केली होती; टिळक हे त्यांचेच विद्यार्थी. शंकर बाळकृष्ण दीक्षित १८९४ मध्ये पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले आणि १८९६ साली त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा मराठी इतिहास प्रसिद्ध झाला. या सर्वांचा प्रश्न आकाशातील ज्योती कोठे असतात व केव्हा कोठे येतील हा होता. पंचांगाचे शोधन, संपाताची गती, ग्रंथांचे कालनिर्णय ही त्याची फळे. ती ज्योती कशाची बनलेली आहे, हा नायगमवालांचा प्रश्न. एकाच नगरात, एकाच दशकात ही दोन ज्योतिःशास्त्रे शेजारी नांदत होती, आणि त्यांची भाषा मात्र वेगळी होती.

३

नायगमवालांच्या १८९१ मधील टिपणाचे महत्त्व कळण्यासाठी त्या वेळचा वाद थोडा समजून घेतला पाहिजे. आकाशातील अंधुक, धुरकट दिसणाऱ्या पदार्थांत वायू किती व धूळ किती हे ओळखण्याचे साधन १८६० नंतरच्या दशकात हाती आले. तापलेला विरळ वायू आपल्या ठराविक रंगांच्याच रेषा देतो. धुळीचे कण सूर्याचा प्रकाश परत फेकतात, म्हणून त्यांचा वर्णपट सूर्यासारखाच सलग दिसतो. विल्यम हगिन्स यांनी १८६४ साली काही तेजोमेघांत उज्ज्वल रेषा पाहिल्या व ते वायुरूप असल्याचे ठरविले. १८६८ साली त्यांनीच विनेके याच्या धूमकेतूचा प्रकाश तपासला. त्यात त्यांना कार्बनयुक्त वायूशी जुळणारे पट्टे दिसले. धूमकेतूत वायू आणि धूळ दोन्ही असतात आणि प्रकाशावरून ती निराळी करता येतात, ही गोष्ट तेव्हापासून मान्य झाली.

'धूमकेतू' हा आपला शब्द मुळात अग्नीचे विशेषण. धूर हा ज्याचा ध्वज तो. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत केतुचारावर स्वतंत्र अध्याय आहे आणि तेथे केतूंचे रूप व त्यांची फळे वर्णिली आहेत. मराठी बोलीने त्यास शेंडेनक्षत्र म्हटले. संस्कृत शब्दाने धूर पाहिला, मराठी शब्दाने शेंडी पाहिली. त्या धुराचे द्रव्य कोणते हे विचारण्यास वर्णपटदर्शक लागला.

लॉकियर यांनी या दोन्ही प्रकारच्या पदार्थांना एका सूत्रात ओवण्याचा प्रयत्न केला. १८८७ पासून त्यांनी असे मांडले की धूमकेतू, तेजोमेघ आणि तारे हे सर्व उल्कांचे थवे होत. थव्यातील उल्का एकमेकींवर आदळतात, तापतात, त्यांची वाफ होते. थवा विरळ व थंड असेल तर तो तेजोमेघासारखा किंवा दूरच्या धूमकेतूसारखा दिसतो आणि दाट व तप्त झाला की तारा होतो. सूत्र मोठे आकर्षक होते. ते टिकण्यासाठी मात्र एका गोष्टीची गरज होती. तेजोमेघांच्या प्रकाशातील सर्वांत ठळक हिरवी रेषा ही उल्कांत सापडणाऱ्या मॅग्नेशियमची असली पाहिजे, असे लॉकियर यांचे म्हणणे होते. मॅग्नेशियम जळताना जो पट्टा दिसतो, त्याची उरलेली कड म्हणजे ही रेषा, असे त्यांनी सांगितले.

या विधानाची परीक्षा करता येण्याजोगी होती. मॅग्नेशियमचा तो पट्टा एका कडेला रेखीव असतो आणि दुसऱ्या बाजूस क्रमाक्रमाने फिका पडत जातो. तेव्हा तेजोमेघातील रेषाही एका बाजूने विरत गेलेली दिसली पाहिजे. ती दोन्ही बाजूंनी सारखीच रेखीव असेल तर ती मॅग्नेशियमची नव्हे. हगिन्स पतिपत्नींनी लॉकियर यांच्या मताविरुद्ध पुरावा मांडला होता. कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत जेम्स कीलर त्या रेषेचे स्थान सूक्ष्मपणे मोजीत होते. मोठी दुर्बीण, चांगला वर्णपटदर्शक आणि मृग नक्षत्र आकाशात उंच दिसेल असे ठिकाण, या तिन्ही गोष्टी पुण्यात होत्या.

४

लॉकियर यांच्याच सूचनेवरून नायगमवालांनी ही रेषा तपासावयास घेतली. लॉकियर हे त्यांचे सल्लागार. लॉकियर यांचा शास्त्रीय जगातील अधिकार मोठा होता. 'नेचर' हे साप्ताहिक १८६९ साली त्यांनीच सुरू केले होते व ते त्याचे संपादक होते. वेधशाळेला मार्ग दाखविणाऱ्या ज्येष्ठाने स्वतःच्या सिद्धान्ताच्या पुष्टीची अपेक्षा धरून काम सुचवावे, आणि काम करणारा वसाहतीतील एका कॉलेजातला चौतिशीच्या आतबाहेरचा प्राध्यापक असावा, अशी ही स्थिती होती. अशा वेळी डोळ्यांना अपेक्षित तेच दिसू लागण्याचा धोका असतो. अंधुक प्रकाशातील रेषेची एक कड किंचित विरत गेल्यासारखी भासणे अगदी सोपे होते.

नायगमवालांनी ती रेषा निरनिराळ्या परिस्थितीत पाहिली. प्रत्येक वेळी ती रेखीवच दिसली. कोणत्याही बाजूस विरत जाण्याची खूण आढळली नाही. त्यांनी हा निष्कर्ष कोठेही सौम्य न करता लंडनला पाठविला आणि तो १८९१ साली प्रसिद्ध झाला. तो लॉकियर यांच्या मताच्या विरुद्ध होता.

या टिपणाने वाद एकट्याने मिटविला असे म्हणता येणार नाही. हगिन्स व कीलर यांच्या कामाचा वाटा त्यात मोठा होता. परंतु पुण्याची साक्ष स्वतंत्र होती आणि ती सल्लागाराच्या इच्छेविरुद्ध दिलेली होती, यामुळे तिला वेगळे वजन आहे. लॉकियर यांनी आपला उल्कासिद्धान्त सोडला नाही. इतरांनी मात्र तो हळूहळू बाजूस ठेवला. ती हिरवी रेषा कशाची, हा प्रश्न पुढे छत्तीस वर्षे उभाच राहिला. पृथ्वीवरील कोणत्याही मूलद्रव्याशी ती जुळेना म्हणून 'नेब्युलियम' या काल्पनिक मूलद्रव्याचे नाव तिला मिळाले.

५

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया महाराष्ट्रावरून गेली. तिचा मार्ग कोकणच्या किनाऱ्यावरून सोलापूरच्या उत्तर भागातून व विदर्भातून ईशान्येकडे जात होता. जगातील नामांकित ज्योतिर्विदांनी त्या मार्गावर तळ ठोकले. लॉकियर विजयदुर्ग किल्ल्यावर आले. विदर्भात तळणी, पुलगाव व नागपूरजवळ ब्रिटिश पथके होती. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल उतरले आणि नायगमवालांनीही आपले ठाणे जेऊरलाच घातले.

विजयदुर्गाविषयी कोकणात रूढ असलेली समजूत येथे तपासून घेतली पाहिजे. लॉकियर यांनी हेलियमचा शोध १८६८ साली या किल्ल्यावर लावला असे सांगितले जाते. १८६८च्या ऑगस्टमधील ग्रहणात झान्सेन गुंटूरला होते, जॉन हर्शेल हे सैन्यातील तरुण अधिकारी जमखंडी संस्थानात होते. लॉकियर भारतात नव्हते. त्यांनी सूर्याच्या कडेवरील तेजाच्या रेषा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये, ग्रहणावाचून पाहिल्या. विजयदुर्गाशी त्यांचा संबंध १८९८ सालचा. लोकस्मृतीने दोन ग्रहणे एकत्र केली आणि किल्ल्याला एक शोध बहाल केला. जेऊरच्या बाबतीत अशी कोणतीही आख्यायिका तयार झाली नाही.

तो काळ पुण्यासाठी अत्यंत कठीण होता. प्लेगची साथ होती. १८९७च्या जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली होती. टिळक राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात होते. अशा दिवसांत दुर्बिणी, आरसे, वर्णपटाचे कॅमेरे व काचेच्या पट्ट्या घेऊन एका आडगावी ठाणे घालावयाचे, तेही जेऊरला जेमतेम दोन मिनिटे टिकणाऱ्या खग्रास स्थितीसाठी. सूर्याचा वर्णगोल व किरीट यांचे वर्णपट टिपणे हा नायगमवालांचा उद्देश होता. या वेधांचा अहवाल वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा पहिला खंड म्हणून १९०२ साली मुंबईत छापला गेला. ग्रहणानंतर तीनच महिन्यांनी, १८९८च्या एप्रिलमध्ये, शंकर बाळकृष्ण दीक्षित वारले.

६

१९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि त्याबरोबर वेधशाळाही बंद करण्यात आली. तिची उपकरणे कोडाईकनालच्या सरकारी सौर वेधशाळेकडे पाठविली गेली. तेथे त्या वेळी जॉन एव्हरशेड संचालक होते. १८९८ साली तळणीच्या ठाण्यावर ग्रहण टिपणारे आणि १९१० साली कोडाईकनालहून हॅलेच्या धूमकेतूची छायाचित्रे घेणारे ते हेच. उपकरणे जाणत्या हाती गेली यात शंका नाही. पुण्यातून मात्र ज्योतिर्भौतिकी नाहीशी झाली.

एक मनुष्य निवृत्त होताच संस्था मिटली, याचा अर्थ कसा लावावयाचा? वेधशाळा मुळात नायगमवालांच्या पुढाकाराने जन्मली आणि त्यांच्या एकट्याच्या श्रमांवर चालली. त्यांच्यामागे काम पुढे नेणारी शिष्यपरंपरा उभी राहिली नाही. देणगी देणारे महाराज १८९६ सालीच निवर्तले होते. सरकारला सूर्याच्या वेधांसाठी एक मध्यवर्ती वेधशाळा पुरेशी वाटत होती, आणि ती १८९९ पासून कोडाईकनालला होती. वेधशाळेचे रक्षण करील असा दाता, शिष्य अथवा समाज यांपैकी कोणीही शिल्लक नव्हते.

यांपैकी समाजाचा मुद्दा भाषा व वाङ्मयाच्या अभ्यासकांना जवळचा आहे. दीक्षितांचा इतिहास मराठीत होता. मराठी वाचकाने तो वाचला, पंचांगवादात त्याचा आधार घेतला, पुढे त्याची हिंदी व इंग्रजी भाषांतरे झाली. छत्र्यांची कोष्टके पंचांगकर्त्यांच्या उपयोगी पडली. टिळकांचा ग्रंथ इंग्रजीत असला तरी त्याचा विषय वेद होता, म्हणून तो मराठी चर्चेत सहज मिसळला. नायगमवालांचे शास्त्रीय लेखन इंग्रजीत झाले, लंडनच्या वाचकांसाठी झाले आणि ज्या प्रश्नाला ते उत्तर देत होते तो प्रश्न पुण्यातील कोणाचाच नव्हता. विज्ञानाच्या दृष्टीने यात काही उणे नाही. हिरव्या रेषेचा न्याय लंडनमध्येच व्हावयाचा होता. परंतु ज्ञानाला स्थानिक भाषेत घर मिळाले नाही तर ते त्या गावात राहत नाही, याचे हे उदाहरण आहे. दुर्बीण हलविणे सोपे गेले, कारण तिच्या जाण्याने कोणाचे काही हरवले असे पुण्यात कोणास वाटण्याचे कारण नव्हते.

कोडाईकनालला ती दुर्बीण 'भावनगर दुर्बीण' या नावाने ओळखली गेली. दात्याचे नाव तिला चिकटले. जो मनुष्य तिच्यातून पाहत होता त्याचे नाव मागे पडले.

७

१९२७ साली अमेरिकन पदार्थवैज्ञानिक आयरा बोवेन यांनी त्या हिरव्या रेषेचे कोडे सोडविले. ती कोणत्याही नव्या मूलद्रव्याची नसून दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. पृथ्वीवरील प्रयोगशाळेत मिळत नाही इतक्या विरळ अवस्थेतच ती उमटते. मॅग्नेशियमही गेले, नेब्युलियमही गेले. नायगमवाला तेव्हा हयात होते. ते १९३८ साली वारले. ती रेषा रेखीव असल्याची त्यांची साक्ष बरोबर होती, हे त्यांच्या हयातीत निर्विवाद सिद्ध झाले.

लॉकियर यांच्या सूत्रातील दुसरा भाग, म्हणजे धूमकेतू हा उल्कांचा थवा असल्याचे मत, त्यानंतर आणखी काही वर्षे निरनिराळ्या रूपांत टिकून राहिले. १९५० साली फ्रेड व्हिपल यांनी धूमकेतूचा गाभा हा धूळमिश्रित बर्फाचा एकसंध गोळा असल्याचे सांगितले. सूर्याजवळ येताना त्या बर्फाची वाफ होते आणि झोत बाहेर पडतात. गाभा स्वतःभोवती फिरत असल्याने हे झोत धूमकेतूला किंचित पुढे किंवा मागे ढकलतात व त्याच्या परतण्याच्या वेळेत फरक पडतो. १९८६ साली जिओत्तो यानाने हॅलेच्या धूमकेतूचा गाभा प्रत्यक्ष दाखविला.

या गाभ्याचे भ्रमण मोजण्याची रीत पाहिली की नायगमवालांच्या कामाशी तिचे नाते सहज ध्यानात येते. गाभा इतका लहान व झाकलेला असतो की पृथ्वीवरून तो स्वतंत्रपणे दिसत नाही. दिसतो तो त्याच्याभोवतीचा मेघ. म्हणून दुर्बिणीपुढे निवडक रंगांच्या गाळण्या ठेवतात. एका गाळणीतून सायनोजनसारख्या वायूचाच प्रकाश येतो, दुसरीतून धुळीने परतविलेला सूर्यप्रकाश. रात्रीमागून रात्र घेतलेल्या चित्रांत वायूचे झोत फिरत्या कारंज्यासारखे वळसे घेताना दिसतात; तेच रूप पुन्हा केव्हा येते यावरून भ्रमणकाळ काढतात. हॅलेच्या वेळी तो २.२ दिवसांचा की ७.४ दिवसांचा यावर वाद झाला. २०१७ साली टटल-जिआकोबिनी-क्रेसाक या धूमकेतूचे भ्रमण दोन महिन्यांत सुमारे २० तासांवरून ४६ तासांच्याही पुढे मंदावलेले आढळले. त्याच्याच झोतांनी त्याला लगाम घातला होता. या अभ्यासाचा पाया हाच की वायूचा स्वतःचा प्रकाश कोणता व धुळीचा उसना कोणता हे निश्चित सांगता यावे. १८९१ मध्ये मृगातील मेघासमोर नायगमवालांना जो निवाडा करावा लागला, तो याच जातीचा होता.

पुण्यात ज्योतिर्भौतिकीस पुन्हा घर मिळाले ते १९८८ साली, आंतरविद्यापीठीय केंद्र स्थापन झाले तेव्हा. तख्तसिंगजी वेधशाळेचे काम सुरू होण्यास त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती. या केंद्राचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांनी शास्त्रीय लेखनाबरोबरच मराठीतूनही विपुल लिहिले, आणि 'धूमकेतू' नावाची विज्ञानकथाही. पहिल्या वेधशाळेला जो आधार कधी मिळाला नव्हता, तो दुसऱ्या वेळी आरंभापासून होता.

नायगमवालांच्या कार्याचे मोजमाप त्यांच्या वेधशाळेच्या आयुष्यावरून करू नये. चोवीस वर्षांत तिने जे दिले त्यात एक लहानसे टिपण आहे, ज्यात एका दुर्बिणीजवळ बसलेल्या माणसाने आपल्या सल्लागाराला हवे होते ते न सांगता आपल्याला दिसले ते सांगितले. भारतात आधुनिक विज्ञान कसे रुजले याचा इतिहास लिहिताना संस्था, देणग्या व पदे यांची नोंद होतेच. त्या नोंदीत हे टिपणही असले पाहिजे.